मीटिंगमध्ये ‘हो सर’, टपरीवर खरं: शंका बोलून दाखवणारी टीम कशी घडते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणला ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तुम्ही डिझाइन विभागाचे प्रमुख आहात, हाताखाली 18 इंजिनिअर. एका ब्रॅकेटला वेल्डजवळ तडे गेले, ग्राहकाने लॉट परत पाठवला, आणि मग तुमच्या कानावर आलं की टीममधल्या तिघांना ही शंका टूल (पार्ट बनवायचा साचा) बनवायच्या आधीपासून होती. टपरीवर चहा पिताना ते एकमेकांशी बोललेही होते. डिझाइन तपासायच्या बैठकीत, म्हणजे रिव्ह्यूमध्ये, मात्र कुणी तोंड उघडलं नाही. त्यानंतर तुम्ही सूचनापेटी लावली, ‘माझं दार कायम उघडं आहे’ असं सांगितलं, बाहेरचा माणूस बोलावून दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं. फरक शून्य. आता तुम्ही विचारताय, लोकांमध्ये स्वतंत्र विचार आणि बोलायची हिंमत आणायची कशी?

तिघांना शंका आली, म्हणजे स्वतंत्र विचार होता. टपरीवर बोलले, म्हणजे मांडताही येत होतं. फक्त रिव्ह्यूच्या खोलीत ते बोलणं त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणून हिंमत वाढवण्याच्या मागे मी लागणार नाही. बोलण्याची किंमत कमी कशी होईल ते बघेन. आगरकरांना पुण्यात जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली आणि तरी त्यांनी ‘सुधारक’ चालवला. अशी माणसं असतात, पण त्यांच्या भरवशावर डिझाइन विभाग चालवता येत नाही. ज्याला घराचा हप्ता आहे, जो एप्रिलच्या इन्क्रिमेंटची वाट बघतोय, अशा साध्या माणसाला शंका काढता आली पाहिजे.

आधी कशावर काय अवलंबून आहे ते सांगतो. तुमच्या विभागाचं अप्रेझल तुमच्या हातात असेल तर खाली लिहिलेलं बहुतेक सगळं जमेल. ते मालकांच्या किंवा एचआरच्या हातात असेल तर निम्मं जमेल, कारण बोलणाऱ्याला वाचवायची ताकद तुमच्याकडे नाही. घरची कंपनी असेल आणि मालक स्वतः रिव्ह्यूला बसत असतील, तर पहिलं काम त्यांच्याशी एकांतात बोलून निदान पहिली 20 मिनिटं त्यांना खोलीबाहेर ठेवण्याचं. आणि टीममधले निम्मे कंत्राटी किंवा ट्रेनी असतील तर त्यांच्याकडून हे सगळ्यांत उशिरा येईल. त्यांचं कंत्राट रिन्यू कोण करतं हे त्यांना पक्कं माहीत असतं.

आता किंमत म्हणजे नेमकं काय. पगारवाढ अडेल ही भीती असतेच, पण माझ्या मते ती सगळ्यांत मोठी नाही. मोठी किंमत ‘तूच म्हणालास ना, मग तूच बघ’ ही आहे. शंका काढली की तपासणीचं काम, सप्लायरला फोन, सिम्युलेशन पुन्हा चालवणं, सगळं शंका काढणाऱ्याच्या गळ्यात. असं दोनदा झालं की हुशार माणूस गप्प बसायला शिकतो. दुसरी किंमत: तारीख चुकली की खापर प्रश्न विचारणाऱ्यावर फुटतं, ज्याने डिझाइन अर्धवट आणलं त्याच्यावर नाही. तिसरी आपल्याकडची खास. सगळ्यांसमोर सीनियरच्या ड्रॉइंगमध्ये खोट काढणं म्हणजे त्या माणसाचा अपमान, असं दोन्ही बाजूंना वाटतं. आणि चौथी भाषेची. रिव्ह्यू इंग्रजीत होतो, टपरी मराठीत किंवा हिंदीत. डिप्लोमा करून शॉपफ्लोअरवरून वर आलेल्या मुलाला वेल्डमधला दोष दिसतो, पण तो इंग्रजीत मांडताना अडखळेन या धाकाने तो बोलत नाही. हे शेवटचं सोडवायला काहीच लागत नाही. शंका कुठल्याही भाषेत लिहा किंवा बोला, मिनिट्स मागाहून इंग्रजीत होतील, असं पहिल्याच दिवशी जाहीर करा आणि स्वतः दोन वाक्यं मराठीत बोला.

आता रिव्ह्यूची बैठक. ड्रॉइंग आणि लोड केस (पार्टवर कुठला भार कसा येतो ते) 48 तास आधी सगळ्यांकडे गेलं पाहिजे. खोलीत पडद्यावर पहिल्यांदाच बघितलेल्या डिझाइनवर कुणाचंही स्वतंत्र मत असू शकत नाही. तिथे फक्त सादर करणाऱ्याचा आत्मविश्वास दिसतो. बैठक सुरू झाली की पहिली 10 मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहायच्या: कुठला भाग, कुठल्या परिस्थितीत, काय होईल. ‘वेल्ड वीक वाटतं’ ही शंका झाली नाही. ‘मागच्या वेल्डच्या टोकाशी, खराब रस्त्याच्या लोडला, फटीग क्रॅक (वारंवार भार पडून जाणारा तडा)’ ही झाली. चिठ्ठ्या गोळा करून बैठक चालवणाऱ्याने वाचायच्या, आणि बैठक चालवणारे तुम्ही नसावं. तुम्ही सगळ्यांत शेवटी बोलायचं.

आधी लिहून घेण्यामागे कारण आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1950 च्या दशकात केलेल्या प्रयोगांत लोकांना फक्त रेघांची लांबी ओळखायची होती. बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. एकट्याने उत्तर देताना जवळजवळ कुणी चुकत नव्हतं, पण गटात साधारण एक तृतीयांश उत्तरं चुकीच्या बहुमताकडे झुकली. उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी खासगीत लिहायला दिलं की हे झुकणं बरंच कमी झालं. आणि गटात एकच माणूस बरोबर बोलला की चुका साधारण चौथ्या हिश्श्यावर आल्या. तुमच्या तिघांचं हेच झालं असणार: प्रत्येकाला रिव्ह्यूच्या खोलीत आपण एकटेच आहोत असं वाटलं. तीन चिठ्ठ्यांवर एकच वेल्ड आलं असतं तर कुणालाच हिंमत लागली नसती.

चिठ्ठीवर नाव असावं का, हा प्रश्न येईलच. पहिल्या चार-पाच रिव्ह्यूंना नाव नको, नंतर हवं. कायम निनावी ठेवलं तर उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि प्रमुखाचा अर्धा वेळ ‘हे कोणी लिहिलं असेल’ यात जातो. सूचनापेटी याच कारणाने मरते. वर ती आठवड्यानंतर उघडली जाते आणि तोवर ड्रॉइंग रिलीज झालेलं, म्हणजे उत्पादनासाठी पुढे गेलेलं असतं.

एफएमईए (पार्टमध्ये काय बिघडू शकतं याची आकडे देऊन आधीच केलेली यादी) करत असाल तर याच पद्धतीची तिथे सगळ्यांत जास्त गरज आहे. आपल्याकडे एफएमईए कसं भरलं जातं ते तुम्हालाही ठाऊक आहे. सीव्हिअ‍ॅरिटी (दोष किती गंभीर) 8, ऑकरन्स (किती वेळा घडेल) 3, डिटेक्शन (पकडणं किती अवघड) 5, गुणाकार म्हणजे आरपीएन 120. कुणीतरी म्हणतं, आरपीएन 100 च्या वर गेला तर कृती दाखवावी लागेल. मग डिटेक्शनचा 5 होतो 4, गुणाकार येतो 96, आणि सगळे पुढच्या ओळीवर. त्या एका आकड्याच्या फरकात तपासणीची पद्धत काडीचीही बदललेली नसते. अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योग संघटनांच्या 2019 च्या एआयएजी-व्हीडीए पुस्तिकेने आरपीएनऐवजी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी (कृतीची निकड: हाय, मीडियम, लो) आणली. त्यात ‘हाय’ आलं तर कृती ठरवायची, नाहीतर आहे ती नियंत्रणं का पुरेशी आहेत हे लिहून ठेवायचं. पण सवय जुनी असेल तर लोक टेबलमध्ये मागून हिशेब करून ‘मीडियम’ आणतात. उपाय साधा आहे: तिन्ही आकडे प्रत्येकाने आधी कागदावर लिहायचे, मग एकदम उघड करायचे. सरासरी काढू नका. दोघांच्या आकड्यांत 3 किंवा जास्त फरक असेल तिथेच बोला, बाकी ओळी पटकन पुढे न्या. एकाने ऑकरन्स 2 दिलाय आणि दुसऱ्याने 6, म्हणजे दुसऱ्याला पहिल्यापेक्षा वेगळं काहीतरी माहीत आहे. ते बाहेर काढण्यासाठीच बैठक आहे.

शंका वाचली गेल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत तुमच्या तोंडून काय निघतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं. ‘हे आधीच बघितलंय’, ‘पण’ने सुरू होणारं कुठलंही वाक्य, ‘कोणाचं आहे हे?’, या तीन गोष्टी टाळा. सारखं ‘शाब्बास’ म्हणणंही टाळा. त्याने ती शंका साहेबांची लाडकी होते आणि बाकीच्यांना ती काढणाऱ्याचा राग येतो. विचारायचं ते एवढंच: कुठल्या लोडला? कशावरून वाटतं? आणि तपासायला स्वस्तात स्वस्त काय करता येईल? मग ‘नोंदीत घ्या’ म्हणून पुढे जायचं.

ती नोंद हा या सगळ्याचा कणा आहे. लोक बोलत नाहीत त्याचं कारण भीती असतं तितकंच ‘बोलून काय होणार’ हेही असतं, आणि दुसरं कारण जास्त चिवट. एक साधी एक्सेल शीट करा, सगळ्यांना दिसेल अशी. रकाने: क्रमांक, तारीख, शंका, काय पुरावा मिळाला तर ती मिटेल, तपासणारा कोण, कुठल्या तारखेपर्यंत, निर्णय, आणि निर्णयाचं कारण. तपासणारा म्हणजे शंका काढणारा नव्हे, हा नियम पक्का ठेवा. डिझाइन ज्याचं, तपासणी त्याची, शंका काढणारा फक्त निकाल बघेल. प्रत्येक शंकेला 7 कामाच्या दिवसांत उत्तर. उत्तर तीनपैकी एक: मान्य, अमान्य, किंवा अमुक चाचणीनंतर ठरेल. ‘बघू’ हे उत्तर नाही.

यातलं ‘अमान्य’ सगळ्यांत काळजीपूर्वक लिहा. मान्य झालेल्या शंकेने माणूस खूश होतो, पण अमान्य झालेल्या शंकेचं कारण नीट लिहिलेलं असेल तर तो पुढची शंका काढतो. ‘सध्याची पद्धत पुरेशी आहे’ असं लिहिलंत तर तो माणूस गेला समजा. ‘मागच्या मॉडेलमध्ये हीच जाडी आणि हीच वेल्ड लांबी होती, फील्डमधून एकही तक्रार नाही, आणि नवा लोड जुन्यापेक्षा कमी आहे’ असं लिहिलंत तर त्याला वाद घालायला जागाही मिळते आणि शिकायलाही.

‘काय पुरावा मिळाला तर ती मिटेल’ हा रकाना का हवा, ते चॅलेंजर अंतराळयानाच्या उदाहरणावरून कळतं. 27 जानेवारी 1986 च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, त्याची बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनिअरांनी फोनवरच्या बैठकीत सांगितलं होतं की 53 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 12 अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नका. थंडीत रबरी ओ-रिंग सांधा वेळेवर बंद करणार नाही. त्यांच्यापैकी रॉजर बॉइजोली यांनी जुलै 1985 मध्येच लेखी इशारा दिला होता. म्हणजे हिंमत होती, कागदही होता. तरी नासाने नाराजी दाखवल्यावर कंपनीच्या व्यवस्थापनाने आपापसात चर्चा करून सल्ला फिरवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले. त्या बैठकीत एक गोष्ट नकळत उलटी झाली होती. एरवी ‘सुरक्षित आहे’ हे सिद्ध करावं लागायचं. त्या रात्री इंजिनिअरांना ‘असुरक्षित आहे’ हे सिद्ध करायला सांगितलं गेलं, आणि इतक्या थंडीतला उड्डाणाचा डेटा कुणाकडेच नव्हता. सिद्ध कोणी करायचं हे आधी लिहिलेलं नसेल तर तारखेच्या दबावाखाली ते नेहमी शंका काढणाऱ्याच्या अंगावर येतं. म्हणून रिव्ह्यूच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा: या डिझाइनमध्ये कुठली गोष्ट दिसली तर आपण रिलीज थांबवू.

थांबवण्याचा अधिकार खालपर्यंत द्यावा का? द्यावा, पण लहान. टोयोटाच्या लाइनवरची अँडनची दोरी (अडचण दिसली की कामगाराने ओढायची) सगळ्यांना माहीत असते, पण तिचा एक तपशील सुटतो. दोरी ओढली की लाइन त्या क्षणी थांबत नाही. टीम लीडर धावत येतो. गाडी त्या स्टेशनच्या ठरलेल्या खुणेपर्यंत पोचेस्तोवर प्रश्न सुटला तर लाइन थांबतच नाही. म्हणजे दोरी ओढणाऱ्याने ‘मी उत्पादन थांबवलं’ हे ओझं घ्यायचं नसतं, त्याने फक्त मदत मागायची असते. तुमच्याकडे याचं रूप असं करता येईल: कुणीही इंजिनिअर एका रिलीजला कारण लिहून 24 तासांचा होल्ड लावू शकतो. होल्ड थेट तुमच्याकडे येतो, 24 तासांत तुम्ही निर्णय द्यायचा, नाही दिला तर होल्ड आपोआप उठतो आणि ती जबाबदारी तुमची.

शंकांचा दर्जा सुधारायला दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक आपली जुनी शास्त्रार्थाची पद्धत: खंडन करायच्या आधी पूर्वपक्ष मांडायचा. शंका काढणाऱ्याने आधी समोरच्याचं डिझाइन तसं का आहे हे एका मिनिटात सांगायचं, आणि डिझाइन करणारा ‘हो, बरोबर’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. निम्म्या शंका इथेच मिटतात, कारण वजन किंवा असेंब्लीची काही अडचण त्याला माहीतच नसते. उरलेल्या निम्म्या खूप धारदार होतात. शिवाय अपमानाची भावना कमी होते. आपलं म्हणणं नीट समजून घेतलंय हे ऐकल्यावर सीनियर माणूसही मवाळ होतो.

दुसरी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची प्रीमॉर्टेम. टूलची ऑर्डर देण्याआधी सगळ्यांना सांगायचं: समजा वर्ष उलटलंय, हा पार्ट फील्डमध्ये फेल झालाय, ग्राहकाने गाड्या परत बोलावल्यात. का झालं ते 10 मिनिटांत लिहा. अपयश गृहीत धरल्यामुळे खोट काढणं हा विरोध राहत नाही, दिलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं. ‘आज तू विरोधी बाकावर बस’ असं सांगून एकाला मुद्दाम विरोध करायला लावण्याची पद्धतही चालते, पण तिचा उपयोग कमी. तो नाटक करतोय हे सगळ्यांना माहीत असतं, आणि खरी शंका असलेला माणूस तिकडे गप्पच राहतो.

आता काय बिघडतं ते. पहिल्या महिन्यात कॅन्टीनची भाजी, एसी, पार्किंग अशा नोंदी येतील. हसू नका; तुम्ही खरंच उत्तर देता का हे लोक स्वस्तात तपासून बघताहेत. त्याही नोंदींना 7 दिवसांचाच नियम लावा. मग काही आठवडे शांतता येईल, कारण पहिल्या खऱ्या शंकेचं काय झालं याकडे सगळ्यांचं लक्ष असेल. त्यानंतर आकडे वाढतील आणि वरचे लोक विचारतील की तुमच्या विभागात एवढे प्रश्न कसे. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांना हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना आढळलं की चांगल्या चाललेल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त होती. तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या. हे मालकांना आधीच सांगून ठेवा, नंतर सांगितलंत तर ते सबब वाटतं.

मार्च एंडला, ग्राहकाचा फोन चालू असताना, तुम्ही कधीतरी कुणावर तरी खेकसाल. तसं झालं तर त्याच दिवशी, त्याच लोकांसमोर, ‘ती शंका योग्य होती, नोंदीत घ्या’ असं म्हणा. केबिनमध्ये बोलावून एकट्याला सॉरी म्हटलंत तर ते बाकी 17 जणांपर्यंत पोचत नाही.

प्रत्येक गोष्टीला विरोध करणारा एक असतोच. त्याला गप्प करू नका, नोंद वापरा. त्याच्या दहा शंकांपैकी किती तपासता येण्याजोग्या होत्या हे तिथे दिसतं, आणि तो स्वतःही ते बघतो. निर्णय झाल्यावर काम सगळ्यांनी मनापासून करायचं, शंका नोंदीत राहील, आणि नवा डेटा आला तरच विषय पुन्हा उघडेल, हेही स्पष्ट असू द्या. नाहीतर दर सोमवारी तीच चर्चा.

टार्गेट मात्र ठरवू नका. ‘महिन्याला दोन कैझेन’ (छोट्या सुधारणा) म्हटलं की जमिनीवर पिवळे पट्टे ओढल्याचे फोटो येतात, तसंच ‘महिन्याला तीन शंका’चं होईल. तीन महिन्यांनी फक्त एवढं बघा: टूलची ऑर्डर जाण्याआधी किती शंका आल्या आणि नंतर किती, तीन वर्षांपेक्षा कमी अनुभव असलेल्यांकडून किती, आणि 7 दिवसांत किती सुटल्या. आणखी एक खूण 8डी रिपोर्टमध्ये, म्हणजे तक्रारीचं मूळ कारण शोधणाऱ्या अहवालात सापडेल. त्यात ‘का?’ हा प्रश्न सलग पाचदा विचारतात. पाचव्या ‘का’चं उत्तर दर वेळी ‘ऑपरेटरची चूक, ट्रेनिंग दिलं’ असं येत असेल आणि एकदाही ड्रॉइंग, खरेदी किंवा तारखेपर्यंत पोचत नसेल, तर टीम अजून तुम्हाला आवडेल तेच लिहितेय.

शेवटी ग्राहकासमोरचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण लवकरच येईल. एखादा जुनिअर ग्राहकाच्या बैठकीत मध्येच म्हणेल, ‘सर, हे आपण तपासलेलं नाही.’ त्यासाठी बैठकीच्या आदल्या दिवशी 15 मिनिटं बसून उघड्या शंकांची यादी वाचा आणि कुठली कोण सांगणार ते ठरवा. एखादा प्रश्न अनपेक्षितपणे आलाच तर ‘तपासून दोन दिवसांत लेखी कळवतो’ हे वाक्य वापरायची मुभा ट्रेनीपासून सगळ्यांना द्या. आणि दोन दिवसांनी ते उत्तर ग्राहकाला खरंच गेलं की नाही, ते तुम्ही स्वतः बघा.